हे सेशन कोणाचं? वेब अ‍ॅपमध्ये अनेक युजरची माहिती वेगळी ठेवण्याची पद्धत

लासलगावच्या एका कांदा व्यापाऱ्याच्या पेढीसाठी वेब अ‍ॅप करायचं आहे असं धरू. लिलावात उभा असलेला माणूस मोबाइलवर गाडी नंबर, शेतकऱ्याचं नाव आणि क्विंटलचा भाव टाकतो. गाडी खळ्यावर गेली की काट्यावरचा मुलगा वजन भरतो. ऑफिसात दिवाणजी हिशोबपट्टी काढतात आणि शेठ संध्याकाळी दिवसभराची खरेदी बघतात. माणसं चार-पाच, अ‍ॅप एकच, आणि सगळे एकाच वेळी त्यात काहीतरी लिहीत असतात.

नाशिकला कॉलेज रोडवर बसून लॅपटॉपवर हे अ‍ॅप चालवलं तर सगळं सुरळीत दिसतं, कारण तिथे युजर एकटे तुम्हीच. बाजार समितीत चौघांनी एकदम उघडलं की मात्र एखाद्या दिवशी एका शेतकऱ्याच्या पट्टीवर दुसऱ्याचा खाते क्रमांक छापला जातो. अशा वेळी कुठलाही एरर येत नाही आणि लॉग स्वच्छ असतो. अ‍ॅपच्या दृष्टीने सगळं बरोबरच झालेलं असतं, पण ज्याने उन्हातान्हात कांदा पिकवला त्याचे पैसे भलत्याच खात्यात गेलेले असतात. म्हणून हा विषय शेवटी उरकायचा नाही, अ‍ॅपच्या पहिल्या दिवसापासून मनात धरायचा.

अशा बहुतेक घोळांचं कारण एकच असतं. माहिती ज्या जागी ठेवली, ती जागा त्या माहितीच्या मालकापेक्षा मोठी असते. एका टॅबची गोष्ट सेशनमध्ये (एका ब्राउझरमधून झालेल्या लॉगिनची सर्व्हरने ठेवलेली आठवण) जाते, एका माणसाची गोष्ट सगळ्या सर्व्हरमध्ये. पुढच्या सगळ्या पायऱ्या हे ओळखण्यासाठी आणि दुरुस्त करण्यासाठी आहेत.

पायरी १ : कोड उघडण्याआधी मालकी ठरवा

एक कागद घ्या. अ‍ॅपमध्ये जी जी माहिती फिरते तिच्यासमोर दोन गोष्टी लिहा: ही कोणाची आहे, आणि किती वेळ टिकायला हवी. आपल्या पेढीच्या अ‍ॅपची यादी साधारण अशी होईल.

- एका रिक्वेस्टपुरती, म्हणजे ब्राउझरने सर्व्हरकडे केलेल्या एका मागणीपुरती: आत्ता आलेला फॉर्म, त्याची तपासणी, त्यावरून काढलेली बेरीज. उत्तर गेलं की संपली.
- एका टॅबची: दिवाणजींच्या स्क्रीनवर उघडी असलेली पट्टी, अर्धवट भरलेलं वजन, लावलेला फिल्टर.
- एका सेशनची: या ब्राउझरमधून कोण लॉगिन आहे, केव्हापासून आहे.
- एका युजरची: त्याचं नाव, त्याचे अधिकार. मोबाइल बदलला तरी ही माहिती राहायला हवी, म्हणून डेटाबेसमध्ये.
- एका पेढीची: आजची खरेदी, शेतकऱ्यांची खाती, येणं-देणं. पेढीतल्या सगळ्यांना दिसेल, शेजारच्या पेढीतल्या कोणालाही नाही.
- सगळ्यांची: लाल कांदा, उन्हाळ कांदा, गोल्टी अशी प्रतींची यादी. बदलत नाही, गुप्त नाही.

यात सर्वांत जास्त घोटाळा टॅब आणि सेशन यांच्यात होतो, म्हणून तिथे थोडं थांबू. दिवाणजी एका टॅबमध्ये एका शेतकऱ्याची पट्टी उघडतात. तेवढ्यात दुसरा शेतकरी समोर येतो, म्हणून ते दुसऱ्या टॅबमध्ये त्याची पट्टी उघडतात. तुम्ही सेशनमध्ये ‘चालू पट्टी क्रमांक’ ठेवला असेल, तर दुसऱ्या टॅबने पहिल्याचा क्रमांक पुसून टाकला. आता दिवाणजी पहिल्या टॅबवर परत येतात आणि ‘सेव्ह’ दाबतात. स्क्रीनवर पहिला शेतकरी दिसतो आहे, नोंद दुसऱ्याच्या पट्टीत होते. इथे युजर एक, लॉगिन एक, ब्राउझरही एकच. तरीही माहिती मिसळली.

उपाय सोपा आहे. कुठली पट्टी उघडी आहे हे पानाच्या पत्त्यात आणि फॉर्ममध्ये असू द्या, सेशनमध्ये नको. प्रत्येक टॅबचा पत्ता वेगळा, त्यामुळे प्रत्येक टॅब आपापली पट्टी धरून राहतो. अर्धवट मजकूर टॅबपुरताच जपायचा असेल तर ब्राउझरचं सेशन-स्टोरेज वापरा, कारण ते टॅबनुसार वेगळं असतं. लोकल-स्टोरेज मात्र त्या साइटच्या सगळ्या टॅबना मिळून एकच असतं.

पत्त्यातला क्रमांक कोणीही हाताने बदलू शकतो, हेही लगेच लक्षात घ्या. ४१२ च्या जागी ४१३ टाकलं आणि दुसऱ्या पेढीची पट्टी उघडली, तर एक घोळ मिटवून दुसरा उभा केला. म्हणून सर्व्हरवर पट्टी शोधताना नेहमी दोन अटी लावा: क्रमांक पत्त्यातून आलेला, पेढी सेशनमधल्या युजरवरून काढलेली. पेढीचा आयडी फॉर्ममधून किंवा पत्त्यातून कधीही स्वीकारू नका. पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरत असाल तर त्यातली ओळ-पातळीची सुरक्षा हीच अट डेटाबेसमध्येच बसवू देते. ही सोय २०१६ मध्ये आलेल्या ९.५ आवृत्तीपासून आहे. फक्त चालू पेढीचा आयडी डेटाबेसला सांगताना तो ‘सेट लोकल’ने ट्रान्झॅक्शनपुरताच सांगा. साध्या ‘सेट’ने सांगितलात तर ते कनेक्शन तसंच पूलमध्ये, म्हणजे पुन्हापुन्हा वापरायच्या जोडण्यांच्या साठ्यात, परत जातं आणि पुढच्या युजरला आधीच्या पेढीची ओळख आयती मिळते.

पायरी २ : सर्व्हरच्या मेमरीतल्या सामायिक जागा शोधा

सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोड-जेएसचं उदाहरण घेऊ. फाइलच्या वरच्या भागात तुम्ही ‘चालू युजर’ नावाचं व्हेरिएबल केलं आहे. काट्यावरच्या मुलाची रिक्वेस्ट आली, त्यात त्याचं नाव ठेवलं आणि डेटाबेसच्या उत्तरासाठी ‘अवेट’ लावलं. त्या वेळात नोड रिकामा बसत नाही. तो दिवाणजींची रिक्वेस्ट घेतो आणि त्याच व्हेरिएबलमध्ये दिवाणजींचं नाव लिहितो. डेटाबेसचं उत्तर आल्यावर पहिली रिक्वेस्ट पुढे सरकते, व्हेरिएबल वाचते आणि वजनाची नोंद दिवाणजींच्या नावावर करते. दोन रिक्वेस्टमधलं अंतर काही मिलिसेकंदांचं. एकट्याने टेस्ट करताना हे कधीच दिसणार नाही.

पायथनमध्ये हाच दोष वेगळ्या रूपात येतो. ग्युनिकॉर्न या सर्व्हरवर चार वर्कर चालवले की चार स्वतंत्र प्रोसेस होतात आणि प्रत्येकाची मेमरी वेगळी. ग्लोबल डिक्शनरीत ठेवलेली गोष्ट कधी सापडते, कधी नाही, कारण पुढची रिक्वेस्ट कुठल्या वर्करकडे जाईल हे ठरलेलं नसतं. ‘रिफ्रेश केलं की कधी दिसतं, कधी गायब होतं’ अशी तक्रार आली की आधी इथे बघा.

काही जागा इतक्या उघड नसतात:

पायथनच्या फंक्शनला रिकामी लिस्ट डिफॉल्ट म्हणून दिली, तर ती लिस्ट प्रोग्रॅम चालताना फंक्शनची व्याख्या वाचली जाते तेव्हा एकदाच तयार होते आणि पुढच्या प्रत्येक कॉलला तीच मिळते. एका शेतकऱ्याच्या कपाती त्यात जोडल्या की पुढच्याच्या पट्टीतही त्या हजर. जावाच्या सर्व्हलेटचा साधारणपणे एकच ऑब्जेक्ट सगळ्या रिक्वेस्ट सांभाळतो, म्हणून त्याच्या फील्डमध्ये युजरची माहिती ठेवायची नाही. स्प्रिंगमधल्या साध्या बीनचंही तेच, ती मुळात सिंगलटन, म्हणजे सगळ्यांना मिळून एकच, असते. थ्रेड-लोकल, म्हणजे सर्व्हरच्या एका थ्रेडपुरती (कामाच्या एका धाग्यापुरती) जागा, वापरत असाल तर रिक्वेस्ट संपताना ते पुसा, कारण थ्रेड मरत नाही, पूलमध्ये जाऊन दुसऱ्याच्या कामाला लागतो. आणि ज्या फंक्शनचं उत्तर कॅश करता, म्हणजे पुन्हा वापरायला साठवून ठेवता, त्याच्या पॅरामीटरमध्ये युजर किंवा पेढी नसेल तर पहिल्याला मिळालेलं उत्तर सगळ्यांना मिळेल.

स्ट्रीमलिट या पायथनच्या साधनावर कॉलेजचे प्रोजेक्ट करणारी बरीच मुलं आहेत, त्यांच्यासाठी खास. तिथलं ‘सेशन-स्टेट’ प्रत्येक टॅबच्या जोडणीपुरतं असतं आणि पान रिफ्रेश केलं की जातं. ‘कॅश-रिसोर्स’ मात्र सगळ्या युजरना तोच एक ऑब्जेक्ट देतं. डेटाबेसची जोडणी किंवा मॉडेल ठेवायला ते योग्य, युजरने भरलेली माहिती ठेवायला अजिबात नाही.

शोधायचं कसं? फंक्शनच्या बाहेर जाहीर केलेल्या प्रत्येक व्हेरिएबलला एकच कसोटी लावा. सर्व्हर सुरू होताना भरलं गेलं आणि नंतर बदललं नाही तर राहू द्या. रिक्वेस्ट चालू असताना त्यात काही लिहिलं जात असेल तर ते काढा. युजर कोण हे फंक्शनला पॅरामीटर म्हणून द्या. हे लिहायला कंटाळवाणं आहे, पण वाचणाऱ्याला कोणाचा डेटा कुठून कुठे जातो ते दिसतं, आणि माझं मत ठामपणे याच बाजूला आहे. फारच खोलवर न्यायचं असेल तर पायथनमध्ये ३.७ पासून ‘कॉन्टेक्स्ट-व्हार्स’ आणि नोडमध्ये ‘असिंक-लोकल-स्टोरेज’ आहे. दोन्ही प्रत्येक रिक्वेस्टची ओळख वेगळी जपतात, ‘अवेट’नंतरसुद्धा.

मागे चालणाऱ्या कामांना सेशन कधी देऊ नका. रात्री शेतकऱ्यांना एसएमएस पाठवणाऱ्या कामाला पट्टीचा आयडी आणि पेढीचा आयडी द्या. बाकी ते डेटाबेसमधून वाचेल.

पायरी ३ : कुकीत फक्त ओळख ठेवा

एचटीटीपीला स्मरणशक्ती नाही. प्रत्येक रिक्वेस्ट त्याच्यासाठी नवी. १९९४ मध्ये नेटस्केपमध्ये काम करताना लू माँटुली यांनी कुकी, म्हणजे ब्राउझर साठवतो आणि प्रत्येक रिक्वेस्टबरोबर परत पाठवतो तो छोटा मजकूर, आणली ती यावर उपाय म्हणून. खरेदीची अर्धवट यादी सर्व्हरवर सांभाळावी लागू नये, अशी तेव्हाची गरज होती. आज आपण बहुतेक वेळा उलट करतो: यादी सर्व्हरवर आणि कुकीत फक्त ओळख.

त्र्यंबकेश्वरला चप्पल स्टँडवर मिळणारा बिल्ला आठवा. बिल्ल्यात चप्पल नसते, फक्त क्रमांक असतो, आणि तो ज्याच्या हातात त्याला चप्पल मिळते. सेशन आयडी तसाच आहे, एवढाच फरक की बिल्ल्याचा क्रमांक ओळीने असला तरी चालतो, सेशन आयडीचा चालत नाही. तो अंदाजाने सापडता कामा नये. वेळ, युजरचा आयडी किंवा मोबाइल नंबर यांवरून तो तयार करू नका. सुरक्षित रँडम जनरेटरकडून किमान १२८ बिट, म्हणजे १६ बाइट घ्या. पायथनमध्ये त्यासाठी ‘सिक्रेट्स’ मॉड्यूल आहे, नोडमध्ये ‘क्रिप्टो’. चांगलं फ्रेमवर्क वापरत असाल तर हे काम ते करतंच, त्यात हात घालू नका.

कुकीवर तीन खुणा हव्यातच. ‘एचटीटीपी-ओन्ली’ लावली की पानावरची जावास्क्रिप्ट ती वाचू शकत नाही. ‘सिक्युअर’ लावली की ती फक्त एचटीटीपीएसवरून जाते. २०१० मध्ये फायरशीप नावाच्या फायरफॉक्स एक्स्टेन्शनने दाखवून दिलं होतं की उघड्या वायफायवर बसून शेजारच्याचं लॉगिन एका क्लिकवर उचलता येतं. मोठ्या साइट पूर्णपणे एचटीटीपीएसवर गेल्या त्यामागे त्या धक्क्याचाही वाटा आहे. तिसरी खूण ‘सेम-साइट’, दुसऱ्या साइटवरून आलेल्या रिक्वेस्टबरोबर कुकी जाऊ द्यायची का ते ती ठरवते. तिला ‘लॅक्स’ ठेवा. पायथनच्या जँगो फ्रेमवर्कमध्ये ‘सिक्युअर’ मुळात बंद असते, प्रॉडक्शनला नेताना ती चालू करायला विसरू नका.

सेशनचा सगळा मजकूरच कुकीत ठेवायचा मार्गही आहे. पायथनचंच फ्लास्क हे फ्रेमवर्क मुळात तेच करतं. त्या कुकीवर सही असते, म्हणून ती कोणी बदलू शकत नाही, पण वाचू शकतं. म्हणजे त्यात शेतकऱ्याचा खाते क्रमांक ठेवला तर तो उघडाच पडला. शिवाय ब्राउझर एका कुकीला साधारण ४०९६ बाइटच जागा देतात. सहीच्या टोकनांची, म्हणजे जेडब्ल्यूटीची, मोठी अडचण वेगळी आहे: मुदत संपेपर्यंत ते परत घेता येत नाही. पेढीतून एखादा माणूस काम सोडून गेला आणि शेठ म्हणाले ‘याचं लॉगिन आत्ता बंद करा’, तर हातात काहीतरी हवं. सर्व्हरवरच्या सेशनची ओळ पुसली की काम होतं. अशा अ‍ॅपला मी सर्व्हरवरचं सेशनच सुचवेन.

पायरी ४ : सेशन ठेवायचं कुठे

नोडच्या एक्सप्रेस फ्रेमवर्कचं मुळातलं ‘मेमरी-स्टोअर’ फक्त शिकण्यासाठी आहे. ते बनवणाऱ्यांनीच प्रॉडक्शनसाठी वापरू नका असं बजावलं आहे. मेमरी गळते, एका प्रोसेसपलीकडे जात नाही आणि सर्व्हर पुन्हा सुरू केला की सगळे बाहेर.

पेढीच्या अ‍ॅपला, दहा-वीस माणसं वापरणार असतील तर, तुमच्याच डेटाबेसमधलं एक टेबल पुरेसं आहे. आयडीचा हॅश (ज्यावरून मूळ आयडी परत काढता येत नाही असा ठसा), युजर, सुरू झाल्याची वेळ, शेवटची हालचाल, मुदत. आयडी थेट न ठेवता त्याचा हॅश ठेवा, म्हणजे बॅकअप कोणाच्या हाती लागला तरी त्यावरून लॉगिन करता येणार नाही. जँगो वापरत असाल तर मुदत संपलेल्या ओळी आपोआप जात नाहीत. ‘क्लिअर-सेशन्स’ ही कमांड रोज चालेल अशी व्यवस्था करा.

रेडिस, म्हणजे मेमरीत चालणारा वेगवान साठा, केव्हा? सर्व्हर एकापेक्षा जास्त झाले, प्रत्येक क्लिकला डेटाबेसवर ताण येऊ लागला, तेव्हा. तिथे प्रत्येक ‘की’ला (साठवलेल्या नोंदीच्या नावाला) मुदत लावता येते आणि मुदत संपल्यावर ती नोंद आपोआप जाते. दोन गोष्टी सांभाळा. सेशन आणि कॅश यांना वेगवेगळं रेडिस द्या, नाहीतर कॅशसाठी ‘जुनं काढून टाक’ हे धोरण लावाल आणि मेमरी भरल्यावर कॅशबरोबर लोकांचे लॉगिनही उडतील. दुसरं, प्रत्येक युजरमागे त्याच्या चालू सेशनची यादी ठेवा. ‘सगळीकडून लॉगआउट’ हे बटण त्या यादीशिवाय करता येत नाही.

दोन सर्व्हर झाल्यावर काही जण सोपा मार्ग म्हणून ‘एक युजर कायम एकाच सर्व्हरवर’ अशी बांधणी करतात. सर्व्हरांमध्ये रिक्वेस्ट वाटणाऱ्या एनजिंक्समध्ये ‘आयपी-हॅश’ ही त्यासाठीची सोय आहे. आपल्याकडे ती नीट चालत नाही. मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांना मोजक्या आयपीमागे ठेवतात, आणि ‘आयपी-हॅश’ आयपी-व्ही-४ पत्त्याचे पहिले तीनच भाग बघतं. बाजार समितीतले सगळे मोबाइल एकाच सर्व्हरवर आदळतात आणि दुसरा मोकळा बसतो. सेशन सामायिक जागी ठेवा आणि कुठलाही सर्व्हर कोणालाही उत्तर देऊ शकेल असं करा.

पीएचपीवाल्यांसाठी एक सूचना. फाइलमध्ये सेशन ठेवलं की पीएचपी ती फाइल कुलूपबंद करतं आणि त्याच युजरची दुसरी रिक्वेस्ट थांबून राहते. मोठा रिपोर्ट निघेपर्यंत दुसरा टॅब अडकला असं दिसलं तर कारण हेच. सेशनमध्ये लिहून झालं की लगेच ‘सेशन-राइट-क्लोज’ बोलवा.

पायरी ५ : लॉगिन, लॉगआउट आणि एकाच कॉम्प्युटरवर दोन माणसं

लॉगिन यशस्वी झालं त्या क्षणी सेशन आयडी बदला. नाही बदलला तर आधीच कोणीतरी आपल्याला माहीत असलेला आयडी समोरच्याच्या ब्राउझरमध्ये बसवून ठेवतो आणि लॉगिन झालं की त्याच आयडीने आत शिरतो. हा हल्ला २००२ पासून सर्वांना माहीत आहे. जँगो हे स्वतः करतं. पीएचपीत ‘सेशन-रिजनरेट-आयडी’ आणि एक्सप्रेसमध्ये ‘रिजनरेट’ तुम्हाला बोलवावं लागतं. अधिकार वाढतात तेव्हाही हेच करा.

लॉगआउट म्हणजे कुकी पुसणं एवढंच नाही. सर्व्हरवरची ओळ पुसा, कुकीची मुदत संपवा, टॅबमध्ये आणि लोकल-स्टोरेजमध्ये साठवलेलं साफ करा, उघडे वेबसॉकेट (सर्व्हरशी सतत चालू राहणारी जोडणी) बंद करा. वेबसॉकेट सहज सुटतं. ते जोडताना एकदा सेशन तपासतं आणि मग तासन्‌तास चालू राहतं, लॉगआउटनंतरही लिलावाचे भाव येतच राहतात.

आपल्याकडच्या ऑफिसात एक कॉम्प्युटर दोन-तीन माणसं वापरतात, हे गृहीत धरूनच अ‍ॅप करा. सकाळचे दिवाणजी जेवायला जातात, दुसरे बसतात, ब्राउझर तोच. स्क्रीनवर लॉगिन असलेल्याचं नाव मोठ्या अक्षरात कायम दिसू द्या. लॉगआउटनंतर ‘मागे’ बटण दाबलं तर आधीच्या माणसाचं पान दिसू नये, यासाठी लॉगिनच्या आतल्या पानांना ‘नो-स्टोअर’ हेडर लावा. आणखी एक प्रसंग: एका टॅबमध्ये पहिल्याचं पान उघडंच आहे आणि दुसऱ्या टॅबमध्ये दुसऱ्याने लॉगिन केलं. आता पहिल्या टॅबमधून गेलेला फॉर्म दुसऱ्याच्या नावावर पडतो. यासाठी प्रत्येक फॉर्ममध्ये ‘हे पान कोणासाठी तयार केलं’ तो युजर आयडी लपवून पाठवा, आणि सेशनमधल्या युजरशी जुळला नाही तर सेव्ह न करता पान पुन्हा उघडायला सांगा.

मुदत किती ठेवायची? अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शनात मधल्या सुरक्षा-पातळीसाठी ३० मिनिटं हालचाल नसेल तेव्हा किंवा जास्तीत जास्त १२ तासांनी पुन्हा ओळख मागावी असं म्हटलं होतं. ऑफिसच्या कॉम्प्युटरला हे चांगलं आहे. लिलावात उभ्या असलेल्या माणसाला मात्र दर अर्ध्या तासाला पासवर्ड विचारू नका. गाडी पुढे निघून जाईल. त्याला १२ तास द्या आणि अधिकार फक्त भाव टाकण्याचे ठेवा. पैसे पाठवण्याच्या पानावर मात्र कोणीही असो, पासवर्ड पुन्हा मागा.

पायरी ६ : दोघांनी एकच नोंद बदलली तर

काट्यावरचा मुलगा वजन दुरुस्त करतो आहे आणि त्याच वेळी दिवाणजी तीच पट्टी उघडून भाव सुधारत आहेत. दोघांची सेशन वेगळी, सगळं नीट, तरी शेवटी सेव्ह करणारा पहिल्याचं काम पुसतो. सेशनची कितीही चांगली मांडणी इथे कामाला येत नाही, कारण पट्टी पेढीची आहे.

पट्टीच्या टेबलात ‘आवृत्ती’ हा आकड्याचा कॉलम ठेवा. पान उघडताना तो फॉर्ममध्ये पाठवा. सेव्ह करताना ‘आयडी हा आणि आवृत्ती अजून तीच असेल तर बदल, आवृत्ती एकने वाढव’ असा एकच अपडेट चालवा. शून्य ओळी बदलल्या तर मधे कोणीतरी हात लावला आहे. नवीन आकडे दाखवा आणि माणसाला ठरवू द्या.

बाजार समितीच्या आवारात नेटवर्क दमतं तेव्हा माणूस ‘सेव्ह’ तीनदा दाबतो. फॉर्म उघडतानाच ब्राउझरमध्ये एक रँडम क्रमांक तयार करा, नोंदीबरोबर पाठवा आणि डेटाबेसमध्ये त्या कॉलमवर युनिक बंधन घाला. दुसऱ्यांदा आलेली तीच नोंद नव्याने न करता पहिलीचंच उत्तर द्या.

पायरी ७ : आरक्षण आणि पैसे भरून परत येणारा युजर

इथे पेढी सोडून दुसरं उदाहरण घेतो, कारण २०२७ च्या सिंहस्थासाठी पंचवटीतल्या लॉजचं बुकिंग अ‍ॅप करायचं काम नाशिकमध्ये अनेकांकडे येईल. भाविकाने खोली निवडली, पैसे भरेपर्यंत ती दहा मिनिटं राखून ठेवायची. ही राखीव नोंद सेशनमध्ये ठेवली तर बाकीच्या भाविकांच्या सेशनना ती दिसणारच नाही आणि एक खोली चौघांना जाईल. राखीव खोली ही सगळ्यांनी बघायची गोष्ट आहे, म्हणून ती डेटाबेसमध्ये, मुदतीसह.

पैसे भरल्यावरचा घोळ अधिक फसवा आहे. पेमेंट गेटवे युजरला तुमच्या साइटवर परत पाठवताना पुष्कळदा पोस्ट रिक्वेस्ट (फॉर्म भरून पाठवल्यासारखी) करतो. दुसऱ्या साइटवरून आलेल्या पोस्टबरोबर ‘लॅक्स’ कुकी जात नाही. तुमचं अ‍ॅप समजतं हा नवा माणूस, त्याला रिकामं सेशन देतं आणि त्याची कुकी जुन्या कुकीवर बसते. भाविकाचे पैसे कापले गेले आणि समोर लॉगिनचं पान. यावर ‘सेम-साइट’ काढून टाकायचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. परतीच्या त्या एका पत्त्यावर सेशन सुरूच करू नका. गेटवेची सही तपासा, ऑर्डर क्रमांकावरून बुकिंग शोधा, नोंद करा आणि मग साध्या ‘गेट’ रिक्वेस्टने (नुसतं पान मागणाऱ्या) बुकिंगच्या पानावर पाठवा. त्या गेटबरोबर ‘लॅक्स’ कुकी जाते आणि माणूस लॉगिन असलेलाच सापडतो.

पायरी ८ : वाटेतल्या कॅशवर विश्वास ठेवू नका

२५ डिसेंबर २०१५ ला स्टीम या गेमच्या दुकानात कॅशची मांडणी चुकली आणि सुमारे ३४,००० युजरची पानं इतरांना दिसली असण्याची शक्यता निर्माण झाली. त्यांच्या लॉगिनमध्ये दोष नव्हता. एकासाठी तयार झालेलं पान वाटेतल्या कॅशने दुसऱ्याला दिलं.

२० मार्च २०२३ ला चॅटजीपीटीच्या काही युजरना दुसऱ्यांच्या संभाषणांची शीर्षकं दिसली. कारण रेडिसशी बोलणाऱ्या पायथन लायब्ररीतला दोष होता: रिक्वेस्ट पाठवल्यावर पण उत्तर घेण्याआधी रद्द झाली, तर न घेतलेलं उत्तर जोडणीत पडून राहायचं आणि ती जोडणी वापरणाऱ्या पुढच्या युजरला मिळायचं. त्या दिवशीच्या नऊ तासांच्या काळात सक्रिय असलेल्या ‘प्लस’ या सशुल्क योजनेच्या १.२ टक्के ग्राहकांची पैशांसंबंधीची काही माहितीही उघडी पडली असू शकते, असं कंपनीने सांगितलं. नंतर कॅशमधून आलेला डेटा मागणाऱ्या युजरचाच आहे का, याची जादा तपासणी त्यांनी बसवली.

तीच तपासणी तुम्हीही बसवा. कॅशच्या कीमध्ये पेढी आणि युजर असू द्या, आणि साठवलेल्या मजकुराच्या आतही मालकाचा आयडी लिहा. वाचल्यावर दोन्ही जुळवा. जुळले नाहीत तर मजकूर फेकून द्या, डेटाबेसकडून घ्या आणि लॉगमध्ये मोठ्याने नोंदवा. लॉगमध्ये पूर्ण सेशन आयडी मात्र कधी लिहू नका, हॅशची पहिली काही अक्षरं पुरतात.

पायरी ९ : एकट्याने टेस्ट करू नका

क्रोममध्ये दोन इनकॉग्निटो खिडक्या उघडून दोन युजरची टेस्ट करणारे पुष्कळ आहेत. त्या दोन्ही खिडक्यांची कुकी एकच असते, म्हणजे तुम्ही एकाच युजरला दोनदा बघता. वेगवेगळी प्रोफाइल घ्या, किंवा एक क्रोम आणि एक फायरफॉक्स.

मग यंत्राकडून करून घ्या. लोकस्ट किंवा के-सिक्स यांसारख्या, एकदम अनेक युजरचा भार घालणाऱ्या साधनात पन्नास युजर तयार करा, प्रत्येकाची कुकी वेगळी, प्रत्येकाची माहिती ओळखू येईल अशी: पहिल्या युजरच्या सगळ्या शेतकऱ्यांच्या नावात ०१, दुसऱ्याच्या ०२. सर्व्हरच्या कोडमध्ये, फक्त टेस्टपुरती, डेटाबेसच्या प्रत्येक उत्तराआधी शून्य ते दोनशे मिलिसेकंदांची रँडम ढील घाला, म्हणजे रिक्वेस्ट एकमेकांत शिरतील. प्रॉडक्शनला जितके वर्कर तितकेच इथेही चालवा. प्रत्येक उत्तरात स्वतःच्या क्रमांकाखेरीज दुसरा क्रमांक दिसला की टेस्ट नापास. सरासरी वेग, पास होण्याची टक्केवारी यांत गुंतू नका; लाख उत्तरांत एक जरी परका क्रमांक निघाला तरी रिलीज थांबवा.

हीच टेस्ट चालू असताना मधेच रेडिस बंद करून बघा. अ‍ॅपने ‘थोड्या वेळाने प्रयत्न करा’ म्हणावं, कोणाला आत घेऊ नये. रेडिस सापडलं नाही म्हणून ‘पाहुणा’ किंवा शेवटचा माहीत असलेला युजर धरून पुढे जाणारा कोड कुठे आहे का, ते या वेळी कळतं. नंतर एक वर्कर मारा आणि चालू असलेल्या पन्नासही युजरचं लॉगिन टिकून आहे का, ते पाहा.